फाळक्याच्या दोन कड्या

सुरुवातीलाच स्पष्ट करतो, की कुणाचाही ट्रक लख्ख व्हावा अशी माझी इच्छा नव्हती. माझी सगळी धडपड नेमकी उलट दिशेने चालली होती. एप्रिलच्या चौथ्या रविवारी आमच्या गल्लीत जे घडलं त्याला मी जबाबदार आहे असं बोललं जातं, आणि ते खरंही आहे. पण हेतू निराळा होता, एवढी नोंद व्हावी.

शिओझावासान आमच्या समोरचे टोफूवाले. वय ब्याऐंशी. फेब्रुवारीत त्यांनी दुकान बंद केलं, मार्चमध्ये गाडीचा परवाना स्वतःहून पोलिसांकडे जमा केला, आणि त्यांचा चौतीस वर्षांचा छोटा ट्रक एप्रिलच्या तीस तारखेला भंगारवाला नेणार असं ठरलं. बावीस वर्षं मी त्यांचा टोफू खाल्ला. दर शनिवारी ते तळलेल्या टोफूचा एक तुकडा जास्त घालायचे आणि मी "नको नको" म्हणत तो घ्यायचो. त्यांची बायको, युकिएसान, तीन वर्षांपूर्वी गेली. दुकान गेलं, आता ट्रकही चालला. म्हणून मी ठरवलं, की त्या ट्रकचं चोविसाव्या हिश्शाचं हुबेहूब मॉडेल करायचं आणि ट्रक जाईल त्याच दिवशी, त्याच क्षणी त्यांच्या हातात ठेवायचं. तोवर कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही.

शिझुओकात मॉडेल करायचं आणि पत्ता लागू द्यायचा नाही, हे जरा कठीणच. आमच्या शहरात प्लास्टिक मॉडेलचे कारखाने इतके, की प्रत्येक घरातल्या कुणी ना कुणी साचे तासलेले, खोकी भरलेली, निदान चिमुकली चाकं मोजून पिशव्यांत घातलेली असतात. त्यामुळे इथे मॉडेल करणं म्हणजे लग्नघरात भाजी चिरायला बसण्यासारखं आहे. येणारा-जाणारा प्रत्येकजण विळी कशी धरायची ते सांगून जातो.

ट्रकचा सांगाडा आठवड्यात उभा राहिला. अडलं ते पत्र्यावर. पुढची केबिन पांढरी, तिचं काही नाही. पण मागचा हौदा आणि फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं खाली पडणारं दार, उघड्या पत्र्याचा होता. तो पत्रा चमकत नव्हता आणि तरीही पत्राच दिसत होता. हे वाक्य लिहायला सोपं आहे. मी आधी चंदेरी रंग मारला, तर फाळका हॉटेलातल्या चमच्यासारखा दिसायला लागला. चमक मारायला वरून मॅट वार्निश मारलं, तर चमकेबरोबर धातूही गेला.

"सिमेंटचा ट्रक करताय का?" नोबुएने विचारलं. नोबुए माझी पत्नी. तिला गुपितात घ्यावं लागलं, कारण जेवणाचं टेबल एकच आहे.

"सिमेंटचा नाही. पत्र्याचा. पण निस्तेज पत्र्याचा."

"मग एवढं काय त्यात? स्वयंपाकघरातल्या पंख्याखाली ठेवून द्या. तिथे ठेवलेली कुठलीही वस्तू आपोआप निस्तेज होते. माझंच बघा ना."

मी ते बघितल्यासारखं केलं नाही, पण फाळका तीन दिवस पंख्याखाली ठेवला. तो निस्तेज झाला नाही. त्याला बांगड्याचा वास मात्र लागला.

वासावरून तेरादासान आले. तेरादासान पलीकडच्या घरात राहतात. साच्याच्या कारखान्यात एकेचाळीस वर्षं साचे पॉलिश करून निवृत्त झालेले. यंदा गल्लीच्या मंडळाचं अध्यक्षपद पाळीपाळीने त्यांच्याकडे आलंय, पण ते निवडून आल्यासारखे वागतात. कुणाच्या ट्रकचा ते मी सांगितलं नाही. त्यांनी फाळका दोन बोटांत धरला, उजेडाकडे केला आणि डॉक्टर एक्स-रे बघतात तसा बघितला.

"काट्सुमाता, चमक घालवायची असेल तर आधी चमक आणावी लागते. खाली तकतकीत काळा मार. त्यावर चंदेरी, अगदी पातळ. तीन हात. मग सहा-बी पेन्सिलीची पूड बोटाने चोळ. बोटानेच. फडक्याने केलंस तर माझं नाव सांगू नकोस."

मी गच्चीत उभं राहून काळ्याचा एक आणि चंदेरीचे तीन हात स्प्रेने मारले. चौथ्या दिवशी मंडळाची फिरती पाटी आमच्या घरी आली. या पाटीवर सूचनांचे कागद लावलेले असतात. वाचून सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी द्यायची. त्यात लिहिलं होतं, 'एका रहिवाशाच्या गच्चीतून रंगाचा उग्र वास येत असल्याबद्दल वाळत घातलेल्या कपड्यांतर्फे चिंता व्यक्त झाली आहे. कृपया सहकार्य करावे.' मी शिक्का मारला. मग खालच्या अध्यक्षांच्या सहीवर नजर गेली आणि मी तडक तेरादासानकडे गेलो.

"तुम्हीच सांगितलं होतंत ना तीन हात मारायला?"

"ते मी शेजारी म्हणून सांगितलं," ते शांतपणे म्हणाले. "हे मी अध्यक्ष म्हणून लिहिलंय. आणि काय रे, चौथ्या हाताचा वास येत होता. चार कशाला मारलेस?"

"काळा धरून चार."

"मग ठीक आहे," शेजारी म्हणाले.

पेन्सिलीच्या पुडीने काम बरंच पुढे गेलं, हे मान्य करायला हवं. पण निस्तेज म्हणजे सगळीकडे सारखं निस्तेज नसतं, हे माझ्या हळूहळू ध्यानात आलं. खरा पत्रा कोपऱ्यात काळसर होता, तळाशी पांढुरका, आणि खिळ्यांभोवती चहाच्या डागांसारखा. तेव्हा खऱ्या फाळक्याचा नीट अभ्यास करणं भाग होतं. मी रोज सकाळी पावणेसातला, कचेरीला जाण्याआधी, शिओझावासानच्या ट्रकमागे उकिडवा बसायला लागलो. कागदावर राखाडी रंगाच्या बारा छटा रंगवून घेतल्या होत्या, त्या पत्र्याला लावून बघायचो. फूटपट्टी धरून फोटो काढायचो. असं अकरा दिवस.

पहिल्याच दिवशी शिओझावासान बंद दुकानाच्या दारात आले. त्यांनी वाकून नमस्कार केला, मीही उकिडव्यानेच केला. त्यांनी काही विचारलं नाही, कारण ते सभ्य गृहस्थ. मी काही सांगितलं नाही, कारण गुपित होतं. रोज हेच. फक्त त्यांचं वाकणं दिवसेंदिवस जास्त खोल होत गेलं. मला वाटलं, स्नेह वाढतोय.

याच अभ्यासात मला पांढुरक्या थराचा उलगडा झाला. तो मिठाचा होता! टोफू घट्ट बसावा म्हणून जे खारं पाणी वापरतात, ते चौतीस वर्षं हौद्यातून ठिबकत होतं. फाळक्यावरून ओघळून ते रस्त्यावर, आणि रस्त्यावरून आमच्या घरासमोरच्या गटाराच्या लोखंडी झाकणावर जात होतं. झाकण गंजून लाल झालेलं मी इतकी वर्षं पाहत होतो, पण कारण आज कळलं. शोध लागल्याच्या आनंदात मी त्या झाकणाचेही चार फोटो काढले. शिओझावासान दारातून बघत होते.

आता प्लास्टिकवर रंग चोपडण्यात अर्थ नव्हता. खरा पत्रा आणि खरं खारं पाणी हवं होतं. खारं पाणी बाजारात बाटलीतून मिळालं. पातळ पत्रा घरातच होता, नोबुएच्या चहाच्या डब्याचा. पाहुण्यांसाठीचा, नव्या पानांचा चहा ठेवायचा तो डबा. मी चहा एका प्लास्टिकच्या पिशवीत काढला, डबा कापला, आणि आतल्या पत्र्याचा हौदा आणि फाळका केला. दातकोरणीने खाऱ्या पाण्याचे थेंब सोडले. दोन दिवसांत त्यावर जे उमटलं, ते बघून मी एकटाच टाळ्या वाजवणार होतो. पण नोबुए घरात होती आणि डब्याचं तिला अजून सांगितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात फिरती पाटी पुन्हा आली. 'सावधान. वय पन्नाशीचे, चष्मा, राखाडी विंडचीटर घातलेली एक व्यक्ती सकाळच्या वेळी उभ्या वाहनाच्या मागील भागाकडे बराच वेळ प्रेमाने पाहत असल्याचे आढळले आहे.' मी शिक्का मारला आणि नोबुएला म्हणालो, "सकाळी कचरा टाकायला जाताना जरा जपून जा." तिने माझ्या चष्म्याकडे बघितलं, मग विंडचीटरकडे बघितलं आणि चहा उकळायला ठेवला.

दोन दिवसांनी नाक्यावरच्या चौकीतले हवालदार आले. मला मॉडेल दाखवावंच लागलं. हवालदारांनी टोपी काढली, मांडी घातली, आणि वीस मिनिटं त्या फाळक्याकडे टक लावून बसले.

"कोपऱ्यातली काजळी कमी पडतेय," ते शेवटी म्हणाले. "माझे काका रंग मिसळायच्या विभागात होते. मेणबत्तीची घ्या." मग वहीत काहीतरी लिहून ते उठले. "तरी नियमाप्रमाणे गाडीच्या मालकांना विचारून घेतो हां, काही त्रास नाही ना म्हणून. तुमचं गुपित सांगत नाही. फक्त नाव आणि नोकरी सांगतो."

माझी नोकरी महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात आहे. त्या वेळी हा तपशील मला बिनमहत्त्वाचा वाटला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिओझावासान आमच्या दारात उभे. काळा कोट, हातात रेशमी रुमालात बांधलेला मिठाईचा डबा. "इतकी वर्षं फार त्रास दिला," असं म्हणून ते इतके वाकले, की त्यांचा टाळू दिसला. दुकान बंद करणारा माणूस हेच म्हणतो. नोबुएने त्यांना आग्रहाने आत बसवलं आणि पाहुण्यांचा चहा करायला गेली. स्वयंपाकघरात एकामागून एक कपाटं उघडल्याचा आवाज आला. मग ती प्लास्टिकची पिशवी हातात घेऊन दारात आली आणि माझ्याकडे बघून हसली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली आहेत. ते हसू मी याआधी दोनदाच पाहिलंय.

त्या संध्याकाळचा बाकीचा भाग गाळतो.

मिठाई आली म्हणजे परतीची भेट पाठवायला हवी. उशीर झालेला बरा दिसत नाही म्हणून दोनच दिवसांत आम्ही वासाबीच्या लोणच्याची पेटी शिओझावासानकडे पोचवली. मिठाई निरोपाची असती तर हे अगदी रीतसर झालं असतं. पण माफी मागायला आणलेल्या मिठाईची परतभेट कुणी करत नाही. ती केली, म्हणजे माफी नाकारली. हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. फक्त ती माफीची मिठाई आहे, हे ठाऊक नव्हतं.

रविवारी सकाळी मला घासण्याच्या आवाजाने जाग आली. खिडकी उघडून बघतो तर शिओझावासान रबरी बूट घालून ट्रकच्या हौद्यात गुडघ्यांवर बसलेले, हातात तारेची घासणी. फाळक्यापाशी तेरादासान, कमरेला पॉलिशच्या तीन डब्या लावून. एकेचाळीस वर्षांच्या नोकरीनंतर कुणीतरी त्यांना पुन्हा पत्रा दिला होता आणि त्यांचा चेहरा उजळला होता.

मी पायजम्यावरच धावलो. "अहो, राहू द्या! कशाला घासताय? तीस तारखेला भंगारात तर जाणार!"

"नाही, नाही," शिओझावासान खाली उतरून पुन्हा वाकले. "जाताना तरी स्वच्छ जायला हवा. आधीच करायला हवं होतं. तुम्हाला सांगावं लागलं, हीच लाजेची गोष्ट."

"मी कुठे काय सांगितलं?"

"सांगितलं नाहीत. तोच तर तुमचा मोठेपणा."

"बाजूला हो रे," तेरादासान म्हणाले, "उजेड अडवतोयस. आरसा करतो बघ याचा!" आणि त्यांनी केला. दुपारी बारा वाजता त्या फाळक्यात मला माझा पायजमा स्पष्ट दिसत होता. चौतीस वर्षांचं मीठ, काजळी, खिळ्यांभोवतीचे डाग, सगळं साफ. जगात आता तो मळका ट्रक फक्त माझ्या फोटोंत आणि एका चहाच्या डब्यावर शिल्लक होता.

सोमवारी कचेरीत आमच्या विभागप्रमुखांनी मला बोलावून एक अर्ज पुढे सरकवला. अक्षर ब्रशाचं होतं. 'माझ्या ट्रकमधून गळणाऱ्या खाऱ्या पाण्यामुळे काट्सुमाता यांच्या घरासमोरील गटाराचे झाकण गंजले. आपल्या खात्याचे अधिकारी श्री. काट्सुमाता यांनी अकरा दिवस रोज सकाळी पाहणी केली, मोजमापे घेतली, परंतु एका शब्दानेही दोष दिला नाही. मी क्षमा मागण्यास गेलो, ती त्यांनी लोणचे पाठवून नाकारली. यावरून माझा अपराध मला वाटतो त्याहून मोठा असावा. ट्रक स्वच्छ केला आहे. झाकण बदलून देण्याची परवानगी मिळावी.'

"पाहणीचा आदेश कुणी दिला?" प्रमुखांनी विचारलं.

"कुणी नाही."

"झाकण रस्ते विभागाचं. खारं पाणी पर्यावरण विभागाचं. यात आपल्या खात्याचं एकच आहे, ते म्हणजे तुम्ही." त्यांनी उसासा टाकला. "लेखी उत्तर द्यावं लागेल. सात शिक्के, दहा कामाचे दिवस. तोवर अर्जदाराशी या विषयावर बोलायचं नाही."

मी ते अक्षर पुन्हा वाचलं. मला फार वाईट वाटलं. एक म्हातारा माणूस अकरा दिवस रोज सकाळी दारात उभं राहून माझ्याकडून दोन शब्दांची वाट बघत होता, आणि मी त्याच्या दाराशी राखाडीच्या बारा छटा जुळवत बसलो होतो.

उरलेल्या दोन संध्याकाळी मी फोटो पुढे ठेवून काम पुरं केलं. फाळक्याला दोन कड्या होत्या, डावी आणि उजवी. सगळ्या फोटोंत डावी चकचकीत आणि उजवी काळपट, ठेचलेली. तेरादासान शेवटची तपासणी करायला आले होते. आता त्यांनाही गुपित सांगून टाकलं होतं.

"या दोन्ही सारख्या कर," ते म्हणाले. "प्रदर्शनात याला चूक म्हणतात."

"हे प्रदर्शनात जाणार नाही. फोटोत आहे तसंच ठेवतो."

"मग तुझं तू बघ," असं म्हणून ते गेले. मी डाव्या कडीवर पेन्सिलीची पूड टाकून बोटाचं टोक फिरवत बसलो. तासभर घासल्यावर पूडच चकाकायला लागली आणि कडी फोटोतल्यासारखी झाली. तिथे रंग नव्हता, नुसतं बोट फिरलं होतं.

तीस तारखेला सकाळी भंगारवाल्याची मोठी गाडी आली. गल्ली सगळी जमली होती. लखलखीत ट्रक साखळीने वर ओढला गेला, तेव्हा दोन-तीन जणांनी डोळ्यांवर हात धरले. मी रजा घेतली होती. पुढे होऊन मी मॉडेल शिओझावासानच्या हातात ठेवलं.

त्यांनी ते सगळ्या बाजूंनी फिरवून बघितलं. मग त्यांचा चेहरा पडला.

"मळलेला आहे," ते हळू म्हणाले आणि वाकायला लागले. "इतका मळलेला होता? हे दाखवायला तुम्हाला एवढी मेहनत..."

"नाही हो!" मी ओरडलोच. दहा कामाच्या दिवसांचा नियम मी तिथेच मोडला. मॉडेल, फोटो, राखाडीच्या छटा, चहाचा डबा, लोणचं, सगळं एका दमात सांगून टाकलं. "मला तो मळकाच आवडायचा. तसाच तुमच्याकडे राहावा, एवढंच होतं मनात. झाकणाचं मला काही नाही. खरंच काही नाही."

"डब्याचं आहे," मागून नोबुए म्हणाली.

शिओझावासाननी मॉडेल डोळ्यांजवळ नेलं. त्यांचं बोट फाळक्यावरून सरकत डाव्या कडीपाशी थांबलं.

"ही चमकते आहे."

"मी सांगितलं होतं त्याला," तेरादासान म्हणाले.

"युकिए डावखुरी होती," शिओझावासान म्हणाले. "पहाटे माझ्या दोन्ही हातांत टोफूची घमेली असायची. फाळका तीच उघडायची. डावी कडी हाताने. उजवी तिला जमायची नाही, ती मी लाथेने उघडायचो. ती म्हणायची, एक दिवस मोडाल."

त्यांनी वर बघितलं. गाडीवर चढवलेल्या ट्रकच्या दोन्ही कड्या उन्हात सारख्याच झळकत होत्या.

"रविवारी मी दोन्ही घासल्या हो," ते म्हणाले. "लक्षातच नाही आलं."

तेरादासाननी टोपी काढली आणि ती हातात फिरवत राहिले. गाडीचा चालक कागद घेऊन पुढे आला, तीन ठिकाणी शिक्का हवा होता. शिओझावासाननी मॉडेल खाली ठेवलं नाही. मी शाईची डबी धरली, आणि त्यांनी एका हाताने तीन शिक्के मारले. तिन्ही जरा तिरपे उठले.

दहा कामाच्या दिवसांनी आमच्या खात्याचं उत्तर त्यांना पोचलं. 'कारवाईची आवश्यकता नाही.' झाकण अजून तसंच गंजलेलं आहे, आणि मी ते बदलू देणार नाही.

मे महिन्यात नोबुए युकिएसानच्या फोटोपुढे उदबत्ती लावायला त्यांच्याकडे गेली. नवा चहाचा डबा विकत आणला होता, तो आधी त्या फोटोला दाखवला म्हणे. परत आल्यावर ती माझ्यासमोर बसली. ट्रक फोटोच्या शेजारी ठेवलाय, तिने सांगितलं, फाळका फोटोकडे करून. शिओझावासान घरात एकटेच. पण दर गुरुवारी साफसफाईला एक बाई येतात. त्यांच्यासाठी ट्रकला टेकून एक पांढरी चिठ्ठी ठेवलेली आहे. ब्रशाने, अर्जातल्याच अक्षरात, त्यावर लिहिलंय, 'पुसू नये.'